छातीच्या हाडाचे तुकडे किती?

धाड गावी बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात गर्दी असते. त्या गर्दीत चाळिशी ओलांडलेला एखादा तरी बरगड्यांच्या मधोमध, पोटाच्या वर बोट रोवून सांगतो, ''डाक्टरसाहेब, काळजाखाली गाठ आली.'' गाठबिठ काही नसते. ते छातीच्या मधल्या हाडाचं, म्हणजे उरोस्थीचं खालचं टोक. तरुणपणी ते कूर्चेचं असतं, वय वाढलं की त्यात हाड धरतं आणि मग एक दिवस आंघोळ करताना हाताला लागतं. इतकं सांगूनही माणूस म्हणतोच, ''एक फोटो काढून बघू का?''

माझ्या पेशंटचं सोडा, या जागेच्या हाडांचा हिशेब शहाण्यांनाही लागत नव्हता. याज्ञवल्क्य स्मृती छातीत १७ हाडं सांगते, चरक १४, सुश्रुत ८. सुश्रुताला मी झुकतं माप देतो, कारण 'बघा' म्हणणारा तोच. विषाने न मेलेला, फार दिवस आजारी नसलेला, शंभरी न गाठलेला देह घ्यायचा. आतडी साफ करून तो मुंज, कुश, ताग यांत गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून आडोशाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. वास काय येत असेल! शरीरातल्या हाडांची त्याची बेरीज मात्र ३०० भरली, कारण दात आणि कूर्चाही त्याने हाडांतच धरल्या. आज प्रौढ माणसाची २०६ मोजतात.

तिकडे रोमचा वैद्य गॅलेन उरोस्थीचे सात तुकडे सांगून गेला. त्याने चिरली होती माकडं. १५४३ साली शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसने माणसाचं हाड पाहून तीन सांगितले: वरचा रुंद भाग, मधला लांबट आणि खालचं टोक. तेव्हा त्याच्याच पॅरिसच्या गुरूने, सिल्वियसने, गॅलेनचा बचाव केला तो असा, की पूर्वीची माणसं धिप्पाड होती, म्हणून त्यांच्या हाडाचे तुकडेही जास्त असत! हसू येतं खरं, पण लहान मुलाच्या उरोस्थीचा मधला भाग वेगवेगळ्या तुकड्यांचाच असतो. ते पंचविशीपर्यंत सांधत जातात.

आपल्याकडे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. बेवारस देह शिक्षणासाठी मिळण्याचा कायदा मुंबई राज्यात आला तो १९४९ साली. मी शिकत असताना हाडांचा संच आम्ही सीनियरकडून जुनाच विकत घ्यायचो. उरोस्थी त्यातलं सगळ्यात हलकं हाड वाटे, आतून सच्छिद्र, आणि कडांना बरगड्यांच्या खाचा. गळ्याच्या खळगीपासून बोट खाली आणलं की दोनेक इंचांवर आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते आणि बाकीच्या तिथून खाली मोजायच्या. स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा ते मी आजही याच खुणेवरून ठरवतो.

हल्ली धाडची माणसं बायपास करून येतात. ऑपरेशनला हे हाड वरपासून खालपर्यंत उभं कापतात आणि स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, मिरचीचं पोतं उचलायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही. पहिली गोष्ट लोक ऐकतात. दुसरीला घरच्या बाईला दम द्यायला सांगावं लागतं. तारा कधी काढायच्या, हेही सगळे विचारतात. त्रास नसेल तर त्या काढायच्याच नसतात.