चिलखत, डोंगर आणि दिंडोरीचा ‘टँक’

रोल-प्लेइंग गेममध्ये ‘टँक’ पात्र घडवताना एक पेच हटकून पडतो. हातातले गुण कशावर खर्चावेत? जाड चिलखतावर, प्राणशक्तीवर, की वार चुकविण्याच्या चपळाईवर? 1974 साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने चिलखताला आकड्यांत बसविले. परंतु सतराव्या शतकात खोडाळा, मोखाडा, जव्हार या डोंगराळ टापूत आणि त्याच्या आसपास हाच हिशेब खऱ्या प्राणांवर मांडला जात होता.

तत्कालीन चिलखत म्हणजे एकात एक गुंफलेल्या लोखंडी कड्यांचा अंगरखा. तलवारीची धार त्यावरून घसरे. कट्यारीचे जाड, निमुळते टोक मात्र कड्या फाकवून आत शिरू शके, आणि बंदुकीच्या गोळीपुढे त्याचा फारसा इलाज नसे. वरून छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर पोलादी पत्रे बांधले की तो ‘चार-आईना’. संरक्षण वाढे, तसे वजनही. म्हणजे कोणत्या हत्यारापासून बचाव हवा, हे आधी ठरवावे लागे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातल्याचे बखरी सांगतात. तेथे संकट ठाऊक होते: हातभर अंतरावरून होणारा पोलादी वार.

जानेवारी 1664 मधल्या सुरतेच्या स्वारीत निवड नेमकी उलटी होती. नाशिक–जव्हारच्या वाटेने घोडदळ वेगाने निघाले. बातमी पोहोचण्याआधी पोहोचणे हाच बचाव. जव्हारचा राजा विक्रमशहा मुकणे याने शिरपामाळावर महाराजांचे स्वागत केले, अशी तेथील परंपरा आहे. समोर सुरतेचा सुभेदार इनायतखान. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून घेई, पण तेवढी माणसे ठेवीत नसे, असे तेथल्या इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. कागदावर भक्कम आणि मैदानात रिकामा असा बचाव गेम खेळणाऱ्यांनाही अनोळखी नसावा! खान किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडे पडले.

ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, आणि परतीच्या वाटेवर मात्र चपळाई पुरेशी नव्हती. लुटीने लादलेली घोडी आणि पायदळ पळू शकत नाहीत. दाऊदखान कुरेशी पाठलागावर होता. वणी-दिंडोरीच्या परिसरात महाराजांनी लूट आणि पायदळ पुढे रवाना केले आणि स्वतः सड्या स्वारांनिशी मागे उभे राहिले. सभासदाच्या बखरीत या प्रसंगी त्यांच्या अंगावर बख्तर आहे, हातांत पट्टे आहेत. टँकचे काम याहून चोख कोणते? शत्रूचे लक्ष स्वतःवर ओढून घ्यायचे आणि जे नाजूक आहे ते निसटू द्यायचे. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान मुख्य सैन्याची वाट न पाहता तुटून पडला आणि जखमी होऊन कोसळला. लूट सुखरूप निघून गेली.

जव्हारच्या राज्याने आपले सारे गुण एकाच रकान्यात टाकले होते: भूप्रदेश. दाट रान, खोल दऱ्या आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा. पठारावरच्या जड फौजांविरुद्ध हा बचाव पिढ्यान् पिढ्या टिकला. जून 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे चालून आले ते मात्र सह्याद्रीतच लढायला शिकलेले सैन्य घेऊन. दऱ्या त्यांच्या ओळखीच्या होत्या, चढ नित्याचे होते. जव्हार पडले, आणि विक्रमशहाला मोगलांच्या मुलखात आश्रयाला जावे लागले.