बाबुराव पेंटर : पडदा, पोस्टर आणि डोंगर

आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे जवळा बाजार. आणि बाजार म्हटला की पाटी आली, फलक आला. बियाण्याच्या कंपन्या, खताची दुकानं, सोनार, दवाखाने, सगळ्यांचे फलक रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात. अलीकडे हे फलक यंत्रावर छापून येतात. रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन शिडीवर चढणारा माणूस क्वचितच दिसतो. त्या माणसाला आपण पेंटर म्हणतो. चित्रकार म्हटला की डोळ्यांसमोर कोणी वेगळाच, शहरात प्रदर्शन भरवणारा मनुष्य येतो. पेंटर म्हणजे आपला, दुकानाची पाटी नाही तर नाटकाचा पडदा रंगवणारा. हा साधा धंद्याचा शब्द एका मोठ्या कलावंताने आडनावासारखा शेवटपर्यंत मिरवला. ते म्हणजे कोल्हापूरचे बाबुराव पेंटर. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

जाहिरातीच्या कलेचा इतिहास सांगणारे लोक बहुधा मुंबईपासून सुरुवात करतात. गिरगावात १९०५ साली निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही आपल्या देशातली सर्वांत जुनी जाहिरात-संस्था समजली जाते. पुढे अशा संस्था वाढल्या आणि त्यांत कलादिग्दर्शक नावाचा अधिकारी आला. मजकूर एकाने लिहायचा, चित्र दुसऱ्याने काढायचे, आणि सगळे मिळून लोकांच्या नजरेला कसे दिसेल हे कलादिग्दर्शकाने ठरवायचे. ज्या मालाची जाहिरात करायची तो माल मात्र तिसऱ्याच कुणाचा असतो. बाबुरावांचे तसे नव्हते. माल त्यांचा, जाहिरात त्यांची, आणि माल तयार करायचे यंत्रसुद्धा त्यांनीच घरी बनवलेले. म्हणून मला वाटते, ही गोष्ट मुंबईपेक्षा कोल्हापुरापासून सांगावी.

बाबुराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. घरात कारागिरीचा वारसा होता, कलाशाळेचा नव्हता. चित्र काढणे, मूर्ती घडवणे हे पाहून पाहून, हात चालवून शिकलेले. नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबुराव या दोघांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्याचा धंदा धरला. १९१० ते १९१६ या काळात या दोघांच्या पडद्यांची मागणी मोठी होती. संगीत नाटकांचे ते वैभवाचे दिवस. पडदा वर गेला आणि राजवाड्याची कमान, नाही तर अरण्य, नाही तर चांदण्यातला नदीकाठ दिसला, की नट रंगभूमीवर यायच्या आधीच लोक टाळ्या वाजवत. एवढ्या मोठ्या कापडावर काम करताना लहान चित्रावर चौकटी आखतात, तशाच चौकटी कापडावर पाडतात आणि एकेक चौकट वाढवत नेतात. पाचवीच्या मुलांना नकाशा मोठा करायला शिकवताना गुरुजी हीच युक्ती सांगतात. शिवाय लांबून पाहणाऱ्याला काय दिसेल याचे भान ठेवावे लागते. जवळून पाहिले तर नुसते फटकारे, दूर जावे तर झाडाचे पान. हे भान पुढे पोस्टरच्या कामी आले.

मग १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहिल्यावर या दोघा भावांना पडद्यावरचे अरण्य पुरेनासे झाले. चित्र हलले पाहिजे! विलायती कॅमेरा घ्यायला पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, विकत आणले आणि ते उघडून पाहायला बसले. श्रोतेहो, यात वाटते तितका वेडेपणा नव्हता. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एका अर्थी भावंडे आहेत. दोन्हींत फिल्मच्या कडेची भोके दात्यांत अडकवून फिल्म एक चित्र पुढे सरकवायची, क्षणभर थांबवायची, पुन्हा सरकवायची. सरकत असताना प्रकाश अडवायचा आणि थांबली की सोडायचा. एकातून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. मूकपटाच्या काळात हे हाताने दांडा फिरवून सेकंदाला सुमारे सोळा वेळा करावे लागे. पण भावंडे असली तरी एकाचे दुसरे करणे सोपे नाही. एका केसाएवढी फट राहिली तरी उजेड शिरून सगळी फिल्म काळी पडते. या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुरे केले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा!

त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल कुणी दिले? कुणा शेटजीने नव्हे. तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेने पैसे दिले, हे मुद्दाम सांगतो, कारण अशी नावे इतिहासाच्या पुस्तकांतून लवकर गळतात. राजर्षी शाहू महाराजांचेही साह्य झाले. पहिला चित्रपट 'सैरंध्री', तो पुण्यात आर्यन थिएटरात फेब्रुवारी १९२० मध्ये लागला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषाने रंगवली होती. बाबुरावांनी स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली, आणि त्या बायांना आपापल्या समाजाचा रोष सोसावा लागला. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले.

आता जाहिरातीकडे वळू. त्या दिवसांत चित्रपटाची जाहिरात म्हणजे बहुधा नुसती अक्षरे असत. नाटकाच्या हस्तपत्रकासारखे नाव, वेळ, दर, आणि "आज शेवटचा खेळ" ही कायमची थाप! चित्र असलेच तर ठोकळ्याचे, कुठल्याही खेळाला चालेल असे. बाबुरावांना हे रुचले नाही. त्यांनी १९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच चित्रपटाची गोष्ट, पात्रे आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांना वाटायला सुरुवात केली आणि पोस्टरे स्वतः रंगवली. त्यात त्यांची एक सोय होती. चित्रीकरणाच्या आधीच प्रत्येक पात्राचा वेष, दागिना, उभे राहण्याची ढब यांची रेखाटने ते करून ठेवत. चित्रपट मनात आणि कागदावर आधी तयार असे, कॅमेऱ्यात नंतर. मग पोस्टरवरचा माणूस आणि पडद्यावरचा माणूस वेगळा कसा होईल?

चांगली जाहिरात मालाला सोडून बोलत नाही, असे मी वर्गात सांगतो आणि उदाहरण हेच देतो. चित्रपट काळा-पांढरा आणि मुका. पोस्टर तेवढे रंगीत. म्हणजे कलाबतूचा रंग, शेल्याचा रंग प्रेक्षक भिंतीवर पाहून घेई आणि मनात धरून तंबूत जाऊन बसे. त्या काळची फिल्म तांबडा रंग जवळजवळ काळा दाखवी आणि निळे आभाळ पांढरे. पेंटर असल्यामुळे बाबुरावांना हे हिशेब कळत होते.

ही विद्या कोल्हापुरात पुढेही राहिली. जी. कांबळे हे कोल्हापूरचेच, १९१८ साली जन्मलेले, चित्रपटांची पोस्टरे आणि भव्य फलक रंगवून नावाला आलेले. श्रोत्यांत जे शिक्षक असतील त्यांनी शाळेतल्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या तसबिरीकडे एकदा निरखून पाहावे. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून मान्य केलेले महाराजांचे चित्र या कांबळ्यांच्या हातचे आहे.

पोस्टर सांगेल ते पडद्यावर दाखवायचे, तर घरात बसून भागत नाही. १९२३ साली बाबुरावांनी 'सिंहगड' काढायला घेतला. गोष्ट हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीची. तानाजी, शेलारमामा, मावळे, रात्रीची चढाई. इथे रंगवलेला कडा चालणार नव्हता. आयुष्यभर डोंगर रंगवलेला माणूस आपला घरगुती कॅमेरा घेऊन खऱ्या डोंगरात गेला. कोल्हापूरकरांना गड काही लांब नाही, पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटरवर. पण लाकडी कॅमेरा, तिपाई, घोडे, ढाल-तलवारी आणि पन्नास माणसांचे जेवण घेऊन उघड्यावर काम करणे म्हणजे एक मोहीमच. ढग आला की थांबा. वारा सुटला की तिपाई धरा. फिल्मचा तुकडा परदेशातून आलेला, महाग. मावळ्याचा पाय चुकला तरी पुन्हा चढाई करायची की नाही याचा विचार पडे. ज्यांनी गावच्या नाटकात काम केले आहे त्यांना हे सांगायला नको.

आणि रात्र कशी दाखवायची? तोवर आपल्याकडे चित्रण व्हायचे ते सूर्याच्या उजेडात. बाबुरावांनी 'सिंहगड'साठी कृत्रिम दिवे वापरले, आणि आपल्या देशात हा प्रयोग पहिलाच मानला जातो. पडद्यावरचे चांदणे ज्याने निळ्या-करड्या रंगांनी वर्षानुवर्षे रंगवले, त्याने ते आता दिव्यांनी रंगवले, एवढाच फरक. शेलारमामाचे काम व्ही. शांताराम नावाच्या विशीतल्या पोराने केले होते. तो कंपनीत पडेल ते काम करायला १९२० मध्ये आलेला.

'सिंहगड'ला मुंबईत अशी झुंबड उडाली की ती गर्दी सरकारी खात्याच्या डोळ्यांत भरली, आणि करमणूक कर बसवण्याची कल्पना त्यातूनच निघाली, असे सांगतात. त्या करामागे इतर कारणेही असतीलच. सरकारला कर बसवायला एवढे एकच निमित्त लागते असे नाही. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा मात्र १९२३ सालचाच आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे शागीर्द बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साह्याने त्यांनी 'प्रभात' काढली. बाबुरावही लवकरच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून निघाले. बोलपट आले, त्यांचे बाबुरावांना फारसे कौतुक नव्हते. बोलण्याच्या नादात पाहणे मागे पडेल अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी पुढे काही बोलपट केलेही, पण जीव रमला तो चित्रांत आणि मूर्तिकामात. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.

त्यांच्या मूकपटांचे काय झाले? जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती दारूगोळ्याच्या भाऊबंदांतली. ठिणगी लागली की पेटे, आणि नुसती पडून राहिली तरी चिकट होऊन तिची भुकटी होई. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून खेळ संपलेली रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे तोवर पुष्कळसे नाहीसे झाले होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुनी रिळे जळाली. बाबुरावांच्या मूकपटांतले बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. त्यांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ सालच्या चित्रपटाचे पोस्टर मात्र शिल्लक आहे. आपल्या देशात टिकलेल्या चित्रमय चित्रपट-पोस्टरांत ते सर्वांत जुने समजतात. दोन आठवडे भिंतीवर राहावे आणि पावसाने धुऊन जावे म्हणून केलेला कागद टिकला, आणि ज्याच्यासाठी केला तो चित्रपट उरला नाही.

मला स्वतःला हळहळ वाटते ती 'सावकारी पाश'ची. १९२५ सालचा हा चित्रपट, गोष्ट नारायण हरी आपटे यांची. त्यात देव नाहीत, राजे नाहीत, तलवार नाही. एक शेतकरी कर्ज काढतो, सावकार कागद करतो, जमीन जाते, आणि तो पोरगा शहरात गिरणीची वाट धरतो. शेतकऱ्याच्या पोराचे काम शांतारामांनी केले होते. आमचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, कोल्हापूर कुठच्या कुठे. पण सावकाराच्या घरचा कागद इकडच्या माणसालाही समजावून सांगावा लागला नसता. प्रेक्षकांनी या चित्रपटाला 'सिंहगड'सारखी गर्दी केली नाही. बाबुरावांनी तरीही १९३६ साली तीच गोष्ट बोलपट म्हणून पुन्हा केली.

या दुसऱ्या, बोलक्या 'सावकारी पाश'ची एक आठवण चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. पहिला, मुका चित्रपट त्यांना पुसटसाच आठवत होता. बोलपटातली मात्र मनात राहिली होती ती एक उदास झोपडी, अगदी मंद उजेडात टिपलेली, आणि एका कुत्र्याचे भेसूर रडणे.