बेटावरच्यांनी सांगितलं ते

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत, डिंगलचं द्वीपकल्प थेट अटलांटिकमध्ये घुसलेलं आहे. त्याच्या पश्चिम टोकाला डून खीन हे गाव. आयरिश भाषा इथे आजही घरात बोलली जाते. मी ज्या आजींकडे उतरलो होतो त्यांची आई समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची. बेट जेमतेम दोन किलोमीटरवर. पण मधलं पाणी भलतं दगाबाज. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं ‘सांता मारिया दे ला रोसा’ तिथेच बुडालं.

त्याच पाण्यातून बेटकरी नेवोग नावाच्या होडीने ये-जा करत. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि वरून डांबर. आजी म्हणाल्या, मेंढीला न्यायचं तर आधी पाय बांधायचे. खूर लागून कापड फाटलं की संपलंच. बेटावर ना चर्च, ना डॉक्टर. मयतसुद्धा नेवोगमधूनच डून खीनला यायचं.

फार तर पावणेदोनशे माणसांची ही वस्ती. तिथल्या टोमास ओ क्रिहन या मच्छीमाराने आयरिशमध्ये आत्मचरित्र लिहिलं. ते १९२९ साली छापून आलं. डून खीनची पेग सेयर्स लग्न होऊन बेटावर गेली. तिने आपलं आयुष्य मुलाला सांगितलं, त्याने ते उतरवून घेतलं आणि १९३६ मध्ये पुस्तक निघालं. पुढे ते शाळेत सक्तीचं झालं आणि कित्येक पिढ्यांनी पेगचा धसकाच घेतला. हा तिच्यावर अन्याय झाला, असं मला मनापासून वाटतं. लोककथा आयोगाच्या माणसांनी तिच्याकडून शेकडो कथा टिपून घेतल्या. ती खरी पेग.

तरुण मुलं मात्र अमेरिकेला, बरीचशी स्प्रिंगफिल्डला, निघून गेली. १९४७ च्या जानेवारीत एक तरुण मेंदूज्वराने गेला; वादळामुळे डॉक्टर पोचूच शकला नाही. आजींच्या मते बेट त्याच दिवशी सुटलं. सरकारने उरलेल्या २२ जणांना हलवलं ते १९५३ च्या नोव्हेंबरात.

तिकडे गेलात तर ब्लास्केट सेंटर बघाच. पण त्याआधी गावातल्या एखाद्या वृद्धाशेजारी बसा, आणि त्यांना घाई करू नका.