गिअरची खरखर: चूक कुणाची?

गाडी शिकताना गिअर टाकला आणि खर्रर्र आवाज आला की शेजारचा माणूस काय म्हणतो? "क्लच नीट दाब!" म्हणजे दोष आधी चालवणाऱ्याचा. ही सवय कुठून आली ते बघूया, कारण लॅबमध्येही आपण हेच करतो.

१८९० च्या दशकात फ्रान्समधल्या पानार-लव्हासोरच्या गाड्यांनी सरकत्या चाकांची गिअरबॉक्स रूढ केली. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन दातेरी चाकं एकमेकांत सरकवायची. वेग जुळले नाहीत तर दात दातांवर आपटणार. ते जुळवायचं काम ड्रायव्हरचं: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, खालच्या गिअरला जायचं असेल तर थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर टाका. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचे ड्रायव्हर याला 'डबल क्लच' म्हणतात. तेव्हा खरखर झाली, तर बहुतेक वेळा चूक खरंच ड्रायव्हरची असायची.

१९२९ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणली. कल्पना साधी होती. दात अडकण्याआधी दोन शंकूच्या आकाराचे भाग एकमेकांवर घासतात, घर्षणाने वेग सारखे होतात आणि मग गिअर पडतो. जे काम माणसाचा कान करत होता, ते यंत्राकडे गेलं. याच थॉम्पसनच्या नेतृत्वाखाली पुढे हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार झाला. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये तो आला आणि क्लचचं पेडलच गेलं.

आता गंमत बघा. काम यंत्राकडे गेलं, तसा दोषही तिकडे सरकला. पण आपलं बोट अजून ड्रायव्हरकडेच!

मग निदान कसं करायचं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चालत्या गाडीत फक्त एकाच गिअरला खरखर होत असेल, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर. सगळ्याच गिअरला होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात? तरीही बोट क्लचकडेच. बंद असतानाही अडतात? मग गिअरची केबल, लिंकेज किंवा बॉक्सचा आतला भाग तपासा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तो आपला आयता कंट्रोल. उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी खरखर झाली, तर क्लच सुटत नाहीये.

आणि ऑइल विसरू नका. दातांना ते निसरडं हवं, पण सिंक्रोला घर्षण लागतं. त्यामुळे 'जास्त भारी' ऑइल घातल्यावर गिअर बिघडूही शकतात. चांगल्या हेतूने केलेला बदलही व्हेरिएबलच असतो!

उद्या तुमच्या उपकरणाचं रीडिंग हललं की कुणीतरी म्हणेल, "नवीन आहेस, हात बसला नाही." असेलही. पण ते गृहीत धरून वहीत लिहू नका. खरखर एकाच गिअरला आहे की सगळ्यांना, एवढं आधी तपासा. नाहीतर क्लचचा दोष तुमच्या नावावर लागेल, आणि सहा महिने तुम्ही स्वतःलाच दुरुस्त करत बसाल.