सात दिवसांचा शोक

ज्यू धर्मात आईबाप, भावंड, पती, पत्नी अथवा अपत्य यांचे दफन झाल्यावर सात दिवस घरात बसून शोक पाळतात. या काळास हिब्रू भाषेत ‘शिव्हा’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच सात. शोक करणाऱ्याने कामधंदा करावयाचा नाही, आणि तो स्वतः बोलेपर्यंत सांत्वनास आलेल्यांनी तोंड उघडावयाचे नाही, असा दंडक आहे. दुःखाला अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू. परंतु ज्या घरात वडिलांच्या धाकाने कलह दबून राहिलेला असतो, तेथे याच दिवसांत तो डोके वर काढतो.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकात याचा दाखला आहे. योसेफाने पिता याकोब यासाठी सात दिवस शोक केला. दफन आटोपताच, ज्या भावांनी त्याला कोवळ्या वयात विकले होते त्यांना भय पडले, की बाप गेला, आता हा सूड घेईल. योसेफाने त्यांस अभय दिले. हेरोद राजाच्या घराण्यात असे अभय देणारा कोणी नव्हता.

हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये जेरिको येथे वारला. त्याने आपल्या तीन पुत्रांना देहान्त शिक्षा दिली होती. त्यांपैकी थोरल्याला तर मरणापूर्वी अवघे पाच दिवस. मृत्युपत्रही त्याने वारंवार बदलले. आधीच्या पत्रात अँटिपास वारस होता. अखेरच्या पत्रात राज्य आर्किलेअसकडे गेले. आर्किलेअसने सात दिवस शोक पाळून प्रजेला भोजन घातले. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस नमूद करतो, की लोकलज्जेस्तव घालाव्या लागणाऱ्या या भोजनांनी अनेक ज्यू घरे दरिद्री होत.

राजाचा शोक संपला आणि प्रजेचा सुरू झाला. मंदिराच्या द्वारावरील सोन्याचा गरुड उखडविणाऱ्या ज्या धर्मगुरूंना हेरोदाने मारले होते, त्यांच्यासाठी जेरुसलेममध्ये आक्रोश होऊ लागला. वल्हांडण सणाच्या गर्दीत आर्किलेअसने सैन्य धाडले. सुमारे ३,००० माणसे मारली गेली, असे जोसेफस सांगतो.

यानंतर सारे कुटुंब सम्राट ऑगस्टसपुढे रोमला गेले. आत्या सलोमी व इतर आप्त वरकरणी आर्किलेअसच्या बाजूचे. मनातून त्यांना रोमन अंमल हवा होता, आणि तो न मिळाल्यास अँटिपास राजा हवा होता. सलोमीचा पुत्र अँटिपाटर याने भर दरबारात आरोप केला, की आर्किलेअस दिवसा शोकाचा चेहरा करी आणि रात्री मद्यपानात दंग होई. अशा रीतीने, पुत्राचे दुःख खरे की खोटे, हाही वारसाच्या दाव्यातील एक मुद्दा ठरला. निकोलाउस नावाच्या विद्वानाने आर्किलेअसचा बचाव केला.

ऑगस्टसने आर्किलेअसला निम्मा मुलूख दिला, राजपद मात्र दिले नाही. उरलेला निम्मा अँटिपास व फिलिप यांत वाटला. पुढे इ. स. ६ मध्ये प्रजेच्या तक्रारींवरून त्याने आर्किलेअसला गॉल प्रांतात हद्दपार केले आणि यहूदियावर रोमन अधिकारी बसला. आप्तांची मनीषा पुरी झाली. पण तिची किंमत प्रजेने मोजली.

हा कलह शोकविधीने निर्माण केला नव्हता. बापाने हयातभर पेरलेला संशय त्या सात दिवसांनंतर केवळ उघडा पडला. रूढी माणसांना एका छपराखाली बसवू शकते. त्यांची मने जुळविण्याचे काम मृताने जिवंतपणीच करून ठेवावे लागते.