मोरचुदाचा खडा आणि कोंबडीचे अंडे

'खुपऱ्या' हा शब्द आपल्यातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पापणी उलटवायची, आतल्या खरखरीत दाण्यांवर मोरचुदाचा खडा फिरवायचा, पोराने घर डोक्यावर घ्यायचे, असा तो उपचार. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या, धुळीच्या मुलखात हा रोग मुक्कामालाच असे. काजळाची एकच डबी, एकच बोट, पदराचे एकच टोक सगळ्या मुलांना पुरे. रोगालाही तेवढेच पुरे. वरचेवर लागण होऊन पापणीत व्रण पडत, केस आत वळून बुबुळावर घासत आणि शेवटी डोळ्यात फूल पडे.

मोरचूद दाणे जाळी. कारण जागच्या जागी राही. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक यांनी रोग्याच्या पेशींत बारीक कण पाहिले, पण ते प्रयोगशाळेत वाढेनात. पुढे नोगुची या नामांकित संशोधकाने एका निराळ्याच जीवाणूवर ठपका ठेवला. चीनमधील तांग फेइफान यांनी तो जीवाणू माणसांच्या, स्वतःच्याही, डोळ्यांत घालून पाहिला. काही झाले नाही!

खरे कारण त्यांनाच सापडले. कोंबडीच्या उबवत्या अंड्यात रोगद्रव्य टोचताना इतर जंतू मरावेत म्हणून पेनिसिलिन वापरत. त्यात हवा तो जंतूही मरे. तांग यांनी भिस्त स्ट्रेप्टोमायसिनवर ठेवली आणि जंतू वाढला. १९५७ साली हे प्रसिद्ध झाले. मग त्यांनी तोही स्वतःच्या डोळ्यात घातला, खुपऱ्या येऊ दिल्या, आणि त्यांतून जंतू पुन्हा वेगळा काढला. पुढच्याच वर्षी राजकीय मोहिमेत त्यांची इतकी मानहानी झाली की त्यांनी आत्महत्या केली. मला या इतिहासातले हे पान सर्वांत जड जाते.

तांग ज्याला विषाणू समजले तो पुढे जीवाणूच ठरला. म्हणून तर प्रतिजैविके लागू पडतात. आपल्याकडे १९६३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, टेट्रासायक्लिनचे मलम खेड्यांत पोचले. पुढे ॲझिथ्रोमायसिनची तोंडाने घ्यायची एक मात्राही पुरू लागली. मात्र नळाचे पाणी आणि रोज धुतलेली तोंडे यांचा वाटा औषधाहून कमी नव्हता, असे माझे मत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले. ज्यांच्या पापण्या आधीच आत वळल्या आहेत, त्यांना मात्र गोळीचा उपयोग नाही. त्यांची पापणी शस्त्रक्रियेने बाहेर वळवावी लागते.