आजारी लेकरू आणि शाळेची घंटा

श्रोतेहो, सकाळची वेळ आहे. विष्णुपुरीच्या एखाद्या घरी माय रोजगाराला निघायच्या घाईत आहे. लेकराच्या कपाळाला हात लावते, तो अंग कढत! घरी ठेवावं, तर दिवसाची मजुरी बुडते. शाळेत धाडावं, तर निदान गुरुजींचं लक्ष राहील. काय करावं तिनं?

हा पेच जुनाच आहे. पूर्वी घरात देवी निघाल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत. त्यामागं समज होता देवीच्या कोपाचा. पण डहाळा पाहून परका माणूस उंबऱ्याबाहेरच थांबे, आणि लेकरू आपोआप घरी राही. पुढं लस आली. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. डहाळ्याचं काम संपलं. पण त्यातलं शहाणपण संपलं का?

पुण्याची एक हकिकत ऐका. १८९७ साली तिथं प्लेगनं थैमान घातलं होतं. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करीत होते. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविलं. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्चला त्या गेल्या. १८४८ पासून ज्या बाईंनी दारोदारची मुलं शाळेत आणली, त्यांनीच शेवटी आजारी मुलाला आधी दवाखाना दाखविला. शिक्षकबंधूंनो, शाळेत बोलावणं आणि आजारात जपणं, ही एकाच कामाची दोन अंगं आहेत.

मग आपण काय करायचं? ताप असेल, तर मूल घरीच ठेवावं. औषधाशिवाय पुरा एक दिवस ताप आला नाही, म्हणजे मग पाठवावं. जुलाब-ओकारी थांबल्यावर दोन दिवस जाऊ द्यावेत. गोवराचं पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्यांच्या साऱ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नको. गोवर तर पुरळ दिसण्याआधीच चार दिवस पसरू लागतो. म्हणून नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची लस चुकवू नका. नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय-जेवतंय, तर खुशाल पाठवा. मात्र धाप लागली, झापड आली, पाणीही पोटात ठरेना, तर घरी बसू नका. विष्णुपुरीतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं न्या.

राहिली त्या मायची अडचण. ती खरी आहे. तेव्हा गुरुजी, गैरहजेरीबद्दल लेकराला रागावू नका. बुडालेला धडा मागाहून समजावून द्या. शेजाऱ्यांनो, एक दिवस त्या लेकराकडे तुम्ही पाहा. आज तिचं, उद्या तुमचं. शाळेची घंटा उद्याही वाजणारच आहे; ती ऐकायला सगळी लेकरं धडधाकट असोत, एवढंच मागणं.